देवराव समुद्रात उतरायला निघाले

देवराव अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. १९६३ साली अंदमानात हवेची टाकी पाठीवर बांधून समुद्रातली पोवळी पाहायला जाणाऱ्या तुकडीत त्यांची निवड झाली. बडनेऱ्याहून कलकत्त्याची गाडी, पुढे बोट, असा सगळ्यांचा प्रवास त्यांनीच आखला. पण दर्यापूरकडच्या या माणसाने समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि डोकं पाण्याखाली गेलं की त्यांचा जीव गुदमरायचा.

हे त्यांनी फक्त बायकोला, इंदूबाईंना सांगितलं. तिने त्यांना माहेरच्या विहिरीवर नेलं, त्यांच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. देवराव दोन पायऱ्या उतरून तिथंच बसले.

"मले नाई जमत, इंदू. तिथं दोर कोन धरीन?"

"तिथलं तिथं पाहू. आज मी धरून राहिली ना! उतरा तुमी."

बुडी मारून ते वर आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते. इंदूबाईंच्या हातावर दोराचे वळ उठले होते. तीही तितकीच घाबरली होती.

ठरल्या दिवशी देवराव निघाले. अंदमानात ते पाण्यात उतरले, पोवळी पाहून सुखरूप परतले. भीती मात्र एकदाही कमी झाली नाही, असं पुढे ते वर्गात मोकळेपणाने सांगत.