मामाजींचा खड्डा

माझ्या सासऱ्यांच्या हयातीत आमच्या घरातली एकही वस्तू कधी मोडली नाही. वस्तू आपल्या स्वभावाप्रमाणे मोडत होत्याच, पण मामाजी ते मान्य करत नसत. (आमच्या विदर्भात सासऱ्यांना मामाजी म्हणतात.) कपाची दांडी निखळून जमिनीवर पडलेली असे, आणि ते एका हातात कप, दुसऱ्या हातात दांडी धरून, झालंच काय अशा चेहऱ्याने म्हणत, "तुटलं म्हणजे मेलं नाही." तासाभरात ती दांडी सुताने आवळलेली, वर खळ थापलेली, अशी कपाला परत चिकटलेली असे. मग चहाच्या वेळी घरातलं कोणीतरी तो कप गुपचूप स्वतःकडे ओढून घेई, कारण पाहुण्याच्या हातात गेला तर चहा कुठे सांडेल याचा नेम नसे.

सूत आणि खळ ही त्यांची दोनच हत्यारं. नागपूरच्या महाल भागातलं हे आमचं पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचं घर. मामाजींनी स्वतः पंचवीस-तीस वर्षं हातमागावर लुगडी विणली होती. मग हातमागाचे दिवस फिरले. माझं लग्न होण्याच्या चार-पाच वर्षं आधी त्यांनी माग उतरवला आणि गांधीबागेत एका ठोक कापडाच्या दुकानात ते दुसऱ्यांनी विणलेल्या कापडाच्या घड्या घालायला जाऊ लागले. पण हातांना हे कोणी कळवलंच नव्हतं. मागावर बसलेल्या माणसाचा धागा दिवसातून कितीदा तरी तुटतो. तो रडत नाही, कोणाला हाक मारत नाही, चिमटीत दोन टोकं धरून गाठ मारतो आणि धोटा पुढे जातो. जगातल्या एकूण बिघाडांबद्दल मामाजींचं मत एवढंच होतं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सुताची गुंडी कायम असे. मिस्त्री बोलावणं हा त्यांना घराण्याचा अपमान वाटे. संध्याकाळी सापाला साप न म्हणता लांबडं म्हणतात, तसं सासूबाई मिस्त्रीला 'तो माणूस' म्हणत, तेही मामाजी दुकानात गेल्यावर.

मोरीतला नळ गळायचा. मामाजींनी त्याच्या मानेला खळीत भिजवलेलं सूत गुंडाळलं, तेव्हा तो तोंडाने गळायचा थांबून मानेने गळू लागला. दुसऱ्या रविवारी त्यांनी मान आणखी आवळली, तर तो दोन्हीकडून गळू लागला. तिसऱ्या रविवारी त्यांनी नुसता विचार केला. मग हातभर सूत घेऊन त्याचं एक टोक नळाच्या तोंडाला बांधलं आणि दुसरं खालच्या बादलीत सोडलं. थेंब सुतावरून घरंगळत बिनबोभाट बादलीत उतरू लागले. मामाजींनी मला मोरीशी उभं केलं आणि विचारलं, टपटप ऐकू येते का? मी म्हटलं, नाही. मग नळ दुरुस्त झाला, असं सांगून ते हात पुसत बाहेर गेले, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर त्या नळाची तक्रार करायला मलाही काही जागा उरली नाही.

विजेच्या बाबतीत मात्र सुताचं चाललं नाही. एकदा दिवेलागणीला दिवे गेले. मामाजी स्टुलावर चढले, फ्यूज ओढून काढला, त्यातली तार तुटलेली पाहिली, आणि त्यांच्या बोटांनी डोक्याला न विचारता आपलं नेहमीचं काम केलं. तारेची दोन टोकं मधे सूत घालून, सुरेख गाठ मारून जोडली. फ्यूज बसवला, बटण दाबलं, उजेड नाही. पूर्ण लाइनच गेली असणार, असं ठरवून आम्ही विंझणे घेऊन ओसरीवर बसलो. समोरच्या घरात बल्ब लखलखत होता आणि रेडिओवर गाणी चालू होती. आमच्या ह्यांनी घसा खाकरून ते वडिलांच्या नजरेला आणून दिलं. मामाजी समोर निरखून पाहत म्हणाले, "त्याहिची लाइन अलग असंल." आम्ही कंदिलाच्या उजेडात जेवलो. सकाळी त्यांना फ्यूजमधली गाठ दिसली. एखादा चिडला असता. मामाजी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि दुकानात जाऊन दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत बसले. असा माणूस, त्याच्यावर रागावणार कसं?

आणि कूलर. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना कूलर म्हणजे घरातलं माणूस का ते सांगायला नको. आमच्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा, त्यातला पंखा, वाळ्याच्या ताट्या, सगळं ठिकठिकाणी सुताने बांधलेलं. पंखा सुरू झाला की तो सबंध कूलर थरथरत खिडकीपासून खोलीच्या मध्याकडे चालू लागे. माझं माहेर मौद्याकडचं, शेतकऱ्याचं. आमच्याकडे मारक्या बैलाला दोन्हीकडून दावं बांधतात, तसा मामाजींनी तो कूलर खिडकीच्या गजाला आणि दाराच्या कडीला बांधून टाकला. मग दार लावता येईना. पण उन्हाळ्यात दार कशाला लावायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

एवढं घर त्यांनी गाठी मारमारून उभं धरलं होतं. फक्त एका गोष्टीला ते कधी हात लावत नसत. बाहेरच्या खोलीत, अगदी मधोमध, मांडीभर खोल खड्डा होता.

माप ओलांडून मी घरात आले, पाचव्या पावलाला पायाखाली धप्प असा पोकळ आवाज झाला, आणि मी नव्या नवरीचा आब विसरून ओरडले. सासूबाई कानाशी म्हणाल्या, "मागाचा खड्डा आहे वं तो. बाजूनं चाल." विणकर जमिनीवर बसून पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांनी मागाच्या पट्ट्या दाबतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माग गेला, त्याची लाकडं काही कपडे वाळत घालायला, काही झोपाळ्याला लागली, पण खड्डा तसाच राहिला. त्यावर तीन फळ्या, फळ्यांवर दरी (म्हणजे सतरंजी), आणि भोवताली खुर्च्या. घरातले सगळे भिंतीच्या कडेने चालत. माझे वडील पहिल्यांदा मला न्यायला आले तेव्हा त्यांना कोणी हे सांगितलं नाही. फळी सरकली आणि बोलता बोलता ते एका पायाने आत गेले. मामाजींनी हात दिला आणि लागलं का म्हणून विचारलं. व्याह्यांसमोर वडील काय बोलणार? ते म्हणाले, छे छे, आत मस्त गार आहे. त्या दिवसापासून मामाजींच्या लेखी माझ्या वडिलांसारखा जाणता माणूस भंडाऱ्यापासून वर्ध्यापर्यंत दुसरा नव्हता.

गार होतं हे मात्र खरं. वैशाखातल्या सुट्टीच्या दुपारी मामाजी फळ्या बाजूला करत, काठावर बसून पाय आत सोडत आणि दुरुस्तीची सगळी कामं तिथेच करत. छत्र्या, चाळण्या, शेजारणीची पोळपाटं. कधी कधी हातात काहीच नसे, तरी ते तिथे बसलेले असत.

मग मला मुलगी झाली. ती पालथी पडू लागली, रांगू लागली, आणि त्या तीन सैल फळ्यांनी माझी झोप उडाली. ती चालायला लागायच्या आत खड्डा बुजलाच पाहिजे, एवढं एकच मी धरून बसले. मामाजींनी एकदाही नाही म्हटलं नाही. बुजवू ना, म्हणाले. पण पावसात मुरूम ओला असतो, ओला मुरूम दबत नाही. पाऊस ओसरला तर पितृपाट, म्हणजे पितृपक्ष, लागला. पितृपाटात कोणी जमिनीला हात लावतं का? नवरात्रात घट बसलेले. एरवी पंचांगाकडे ढुंकूनही न पाहणारा हा माणूस मुहूर्तांचा एवढा जाणता कधी झाला, ते मला कळेना. शेवटी त्यांनी तोड म्हणून फळ्यांखाली बाज विणतात तशी सुताची जाळी विणली. जाळी इतकी देखणी होती की दोन दिवस शेजारपाजारच्या बाया येऊन पाहून गेल्या. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले (मी मराठी शिकवते), तर एक फळी सरकलेली, जाळीचा एक कोपरा सुटलेला, आणि पोरगी आत पडून भोकांड पसरलेली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, ओठ फुटलेला. मामाजी खड्ड्यात उतरून तिला वर देत होते.

मी तिला ओढून घेतलं. सून म्हणून आजवर जे गिळलं होतं ते सगळं एका वाक्यात बाहेर आलं.

"मामाजी, साऱ्या घराले गाठी मारत फिरता, अन् जे खरंच मोडलं आहे त्याले काहून हात लावत नाही तुम्ही?"

ते खड्ड्यातच उभे होते. वर आले नाहीत. खाली पाहत म्हणाले, "तो मोडला नाही ना, बाई. घरात तेवढाच एक धड आहे."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही असं मी म्हणणार नाही. कळला होता. पण पोरीच्या ओठातून रक्त येत होतं आणि मी तिला घेऊन आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना त्यांनी टोपी चढवली आणि मुलाला सांगितलं, "मिस्त्रीले बोलावून घे." त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मिस्त्री आला, मुरूम पडला, पाणी मारून धुम्मसाने ठोकला, वर फरशी बसली. मी संध्याकाळची वाट पाहत होते. मोहल्ल्यात कुठेही मिस्त्रीने काम केलं की मामाजी बोलावल्याशिवाय जाऊन त्यात दहा चुका काढत. आल्यावर ते उकिडवे बसले, फरशीच्या सांध्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, चांगलं केलं. बस्स. त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

चार दिवस घर सुनं सुनं वाटलं. मग ऑक्टोबरच्या उकाड्यात कूलरचं दावं तुटलं आणि ते पुन्हा खिशातली गुंडी काढून कामाला लागले. माझ्याशी आधी बोलत तसेच बोलत राहिले. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मीही नाही.

दिवाळीच्या सुमाराला पोरगी चालायला लागली, आजोबांचं बोट धरून. स्वयंपाकघराच्या दारापासून ओसरीपर्यंत, ओसरीपासून परत. आमचे हे एकदा कौतुकाने पाहत होते आणि एकदम हसायला लागले. मामाजी खोलीच्या मधून चालतच नव्हते. सवयीने भिंतीच्या कडेकडेने, जिथे फळ्या होत्या ती जागा वळसा घालून जात होते, आणि त्यांच्यामागे ती एवढीशी पोर, नसलेल्या खड्ड्याला वळसा घालत डुलत डुलत निघाली होती. सरळ या ना, बाबा, असं हे म्हणाले. मामाजी थबकले. ते असं चालतात हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. त्यांनी फरशीकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि तिला म्हणाले, "चाल माय. आपला रस्ता इकडूनच आहे."

मामाजींना जाऊन आता दोन वर्षं झाली. पोरगी तिसरीत आहे, घरभर धडपडत असते, पण बाहेरच्या खोलीत अजून कडेनेच जाते. मैत्रिणी विचारतात तेव्हा तिला का ते सांगता येत नाही. खड्डा बुजवला ही माझी चूक झाली असं मला आजही वाटत नाही. पण त्यात बसून तुम्ही काय काय विणलं, कोणत्या रंगाची लुगडी, कोणत्या काठांची, हे मी त्यांना एकदा विचारायला हवं होतं. एवढी वर्षं एका घरात राहून मी ते विचारलं नाही.

परवा पाहुणे आले होते. मी चहाचा ट्रे घेऊन घाईघाईने बाहेर आले आणि न पाहता खोलीच्या मधोमध पाऊल टाकलं. पाऊल पडलं तशी मी चटकन मागे सरले. पाहुणे बघत होते, तरी मी ट्रे खाली ठेवला, आणि चुकून कोणाला पाय लागला की आपण लावतो तसा वाकून त्या फरशीला हात लावला.