ओड्नीच्या अंगणात आलेले दोन बाण

ओड्नीचा राग हातांत उतरायचा. ओठ घट्ट मिटायचे आणि कामाचा वेग वाढायचा. गवत कापायच्या दिवसांत तर तिच्या विळ्याच्या आवाजावरून खालच्या क्लेमेतला कळायचं, आज वर जायचं की नाही ते.

खाडीच्या काठी क्लेमेतचं घर, चढाच्या मध्यावर ओड्नीचं, आणि सगळ्यात वर, बर्च झाडांच्या आड, म्हाताऱ्या गुद्रिकचं. तिघांच्या पायांनी एकच वाट गुळगुळीत झालेली. ओड्नीचा नवरा आमुंद त्याच वाटेने उतरला आणि एका राजासाठी समुद्रात बुडाला. थोरला मुलगा एंद्रिद दुसऱ्या राजासाठी उतरला आणि कोल्बेन नावाच्या माणसाच्या कुऱ्हाडीखाली गेला. राजे संपत नव्हते. राजा मेला की त्याचे सगळे मुलगे सारखेच वारस, राणीचा असो की कुठल्या बंदरातल्या बाईचा. हा राजाचाच म्हणून आईने तापलेलं लोखंड हातात धरून दाखवावं, पट्टी सोडल्यावर जखम स्वच्छ निघावी, की झाला पोरगा राजपुत्र. मग माणसं लागायची. आता तिच्याकडे एकटा दुसरा मुलगा तोरलेव उरला होता.

त्या दिवशी अंगणातल्या चुलाणावर चीज करून उरलेलं पाणी आटत होतं. क्लेमेत धापा टाकत आला. हातात बर्चच्या लाकडाचा बाण, टोक जाळून काळं केलेलं. ते पाहताच ओड्नीने डाव खाली ठेवला.

"वहिनी, धर बाई. राजाचा बाण आलाय, लढाईचं बोलावणं. वर गुद्रिककडे पोचता कर, आणि तोरलेवला सांग, तयार हो."

"कोणता राजा?"

"मेलेल्या राजाचा धाकटा. बिशपांनी मुकुट घातलाय म्हणे."

"धाकटा म्हणजे केवढा?"

क्लेमेतने दाढी खाजवली. "जेवताना मांडीवर घ्यावं लागतं, असं ऐकलं."

"अरे वा! नाक पुसायला येत नाही आणि माझा मुलगा मागतोय."

बाण दारी आला की पुढच्या घरी नेलाच पाहिजे, नेला नाही तर घरदार जप्त, हा कायदा शेंबड्या पोरालाही पाठ होता. ओड्नी हात पुढे करणार, तोच वरून काठी टेकत गुद्रिक उतरला. त्याच्याही हातात बाण.

"ओड्नी, हा घे आणि खाली क्लेमेतला दे. डोंगरापलीकडच्या सभेने मोठ्याला राजा केलंय. त्याच्या आईने लोखंड..." मग त्याला क्लेमेत दिसला. "हा इथं काय करतोय?"

"तुमच्याकडे निघालेला बाण घेऊन आलोय, दादा."

ओड्नीने दोघांच्या हातांतून बाण घेतले आणि लाकडं फोडायच्या ओंडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. तेच लाकूड, तशीच जळकी टोकं.

"आता उचला आपापला," ती म्हणाली.

क्लेमेतने डावीकडच्याला हात घातला. गुद्रिकने त्याच्या मनगटावर काठी ठेवली.

"तो माझा आहे."

"दादा, तुमच्या डोळ्यांचं राहू दे. माझा मी ओळखतो."

"काय ओळखतोस? सांग ना! तुझ्या राजाचे दुधाचे दात उमटलेत का त्यावर?"

"लोकांची पोरं मारायला निघालात," ओड्नी म्हणाली, "आणि कुणाच्या नावाने, तेही ओळखता येईना!"

तेवढ्यात गवत वाळवायच्या कुंपणाकडून तोरलेव आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "आई, बाण कुठलाही असू दे. मी धाकट्याकडे जातो. कोल्बेन मोठ्याच्या बाजूने आहे. एंद्रिदचा हिशेब माझ्याकडे बाकी आहे."

क्लेमेत जमिनीकडे पाहू लागला.

"बोल," ओड्नी म्हणाली.

"कोल्बेन हिवाळ्यातच इकडे, धाकट्याच्या बाजूला आलाय. आता... आपल्याच खाडीच्या जहाजाचं सुकाणू त्याच्याकडे आहे."

"म्हणजे मी त्याच्या हुकमाने वल्हं मारायचं?" तोरलेवचा आवाज चिरकला.

"वहिनी, मी काय करू? बाण दारात आला, मी पुढे आणला."

"एंद्रिदला तू खांद्यावर घेऊन खाडी दाखवलीस, क्लेमेत. आणि त्याच्या मारेकऱ्याकडे त्याचा भाऊ न्यायला आलास. वर मला वहिनी म्हणतोस!"

तिने कुऱ्हाड उचलली. दोन घावांत दोन्ही बाण फुटले. ढलप्या तिने पायाने लोटून चुलाणात घातल्या. कढईखालचा जाळ क्षणभर उंच झाला.

"ओड्नी, आम्हाला शपथेवर विचारतील," गुद्रिक पुटपुटला.

"सांगा. दोघांचे जाळले म्हणून सांगा. एकाचा वाचवला असं कुणी म्हणायला नको."

त्यांनी सांगितलं. शपथ खोटी घ्यायची नव्हती, आणि ओड्नीनेही सभेत नाकारलं नाही. बाण पुढे गेले नाहीत, म्हणून वरच्या वाडीतली माणसं धाकट्याकडे गेली नाहीत आणि खालच्या वाडीतली मोठ्याकडे. त्याबद्दल कुणी तिचे आभार मानले नाहीत. आधी धाकट्याची माणसं आली आणि गाई घेऊन गेली. पहिल्या बर्फाआधी मोठ्याची आली, त्यांनी गवत नेलं, घराला कुलूप ठोकलं आणि आपल्याच बाणाचा अपमान झाला असं बजावून गेली. ओड्नी आणि तोरलेव डोंगरमाथ्यावर उन्हाळी चराईच्या खोपटात राहायला गेले. तिथला वारा हाडं पोखरायचा. पण रोज सकाळी तोरलेवचा खोकला तिच्या कानावर पडायचा, आणि ती उठून दार उघडायची.

खूप वर्षांनी क्लेमेत सुकवलेले मासे घेऊन वर आला. केस पांढरे झाले होते.

"वहिनी, संपलं एकदाचं. आता सगळ्या मुलखाला एकच राजा."

ओड्नी लोकर पिंजत होती. तिने मान वर केली नाही.

"मुलगे किती आहेत त्याला?"

पलीकडे तोरलेव गवत कापत होता, त्याचा विळा थांबला. ओड्नीने मासे घेतले, दोरी सोडून क्लेमेतच्या हातात परत दिली, आणि त्याला आत ये म्हणाली नाही.