वांगी मिक्सरमधून काढली तो रविवार

प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला आणि पुण्याहून लेकीचा फोन आला, "आई, तीन दिवस सुट्टी आहे. बाबांना घेऊन महाबळेश्वरला जाऊ या का?" मी म्हटलं, "गाड्यांच्या रांगा बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? तूच ये जळगावला. तीन दिवस मजा करायची तर इथं काय कमी आहे?" तोंडाने मी पहिल्यापासून फटकळ. पण खरं कारण तिला माहीत होतं आणि मलाही.

आदल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालायला लागले. हात मात्र तसाच राहिला. डाव्या हाताने जेवायची वेळ आली आणि या माणसाने चारचौघांत जेवणंच सोडलं. घरी कोणी आलं की "माझं झालंय" म्हणायचं आणि नंतर आतल्या खोलीत दार लोटून एकट्याने जेवायचं. लग्नाच्या पंगती सुटल्या, बारशाची जेवणं सुटली. सात महिने मी त्यांना दुसऱ्या कोणाबरोबर घास घेताना पाहिलं नव्हतं. त्या तीन दिवसांत ते एकदा तरी आमच्यात बसून जेवावेत, एवढीच माझी इच्छा होती. महाबळेश्वर गेलं खड्ड्यात.

शुक्रवारी आम्ही चोपड्याकडच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो. सकाळची थंडी होती, पाण्यातून वाफ निघत होती. लेकीने त्यांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून दिली. ते पायरीवर बसून पाय पाण्यात सोडून राहिले. चेहरा सैल झाला होता. मला वाटलं, जमलं बाई! मग डबे उघडले, शेजारच्या कुटुंबाने आम्हाला चिवडा दिला, आम्ही त्यांना मेथीचे पराठे दिले. हे म्हणाले, "मला भूक नाही." घरी आल्यावर दार लोटून थंड पराठे खाल्ले.

शनिवारी घरीच होतो. लेकीने पत्त्यांचा डाव मांडला. पानं हातात धरता येईनात म्हणून तिने त्यांच्यासमोर वह्यांची भिंत उभी केली आणि पानं तिच्या आड ठेवली. दोन डाव त्यांनी जिंकले, लबाडीही केली. संध्याकाळी खानावळीतून शेवभाजी आणली, चांगली झणझणीत, तर्रीवाली. तिचा वास घरभर पसरला. यांनी आपली वाटी उचलली आणि आत गेले. लेक माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, "बघत काय बसलीस? जेव."

रविवार राहिला होता. रविवारी यावलजवळ आमच्या दिराच्या शेतात भरीत ठरलं होतं. थंडीत आमच्याकडे भरीत शेतातच होतं. हिरवी, मोठाली वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सालं काढायची, लाकडाच्या खोलगट भांड्यात मुसळीने ठेचायची. मग तेलात परतलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. केळीच्या पानावर वाढायचं, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. ठेचायचं काम पुरुषांचं. आणि आमच्या भावकीत ते काम तीस वर्षं यांचं. वांगी भाजून झाली की हाक यायचीच, "नाना, या!" हे बाह्या वर करून बसायचे. एकसारखं ठेचायचे, कुठे गाठ नाही, कुठे लगदा नाही. दुसऱ्या कोणी मुसळीला हात लावलेला त्यांना खपत नसे.

मी शनिवारी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तेवढाच विचार करत होते. उद्या ती हाक येणार. हे काय करणार? नाही म्हणणार, सगळ्यांच्या तोंडावर. नाही तर दुसरा कोणीतरी ठेचायला बसणार आणि हे बघत बसणार. माझ्याच्याने ते बघवलं नसतं. मग मी शहाणपणा केला. पहाटे उठून गॅसवर वांगी भाजली, मिक्सरमधून फिरवली, फोडणी घातली, मोठ्या डब्यात भरली. दिराला फोन केला, "जाळ करू नका, भांडं बाहेर काढू नका. भरीत मी घेऊन येते." तो म्हणाला, "बरं, वहिनी."

शेतात पोचलो तर सतरंज्या टाकलेल्या, पंधरा-वीस माणसं बसलेली. यांनी इकडेतिकडे पाहिलं. धूर नव्हता.

"भांडं कुठंय?" त्यांनी दिराला विचारलं.

दिराने मान खाली घातली. मी पटकन म्हटलं, "अहो, मी आणलंय ना करून. बसा तुम्ही निवांत."

त्यांनी डब्याचं झाकण काढायला लावलं. डाव्या हाताच्या बोटाने थोडं घेतलं, जिभेवर ठेवलं. "मिक्सरचं," ते म्हणाले. मग गावची बोली आली, ती त्यांना राग आला की येते. "मले विचारायचं तरी. मी जित्ता हाये ना अजून?"

माझा पारा चढला. पहाटेपासून मी राबलेली. "तुमच्यासाठीच केलं सगळं!" मी म्हटलं. "हात उचलत नाही आणि भांडं पाहिजे!"

बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. हे काठी टेकत विहिरीकडे निघून गेले. लेक रडवेली झाली. दीर म्हणाला, "वहिनी, असं नव्हतं बोलायचं." वांग्यांत धूर नव्हता, हे त्यांनी म्हटलं नाही तरी मला ठाऊक होतं. त्यांच्यासाठी केलं, हेही पूर्ण खरं नव्हतं. त्यांना नाही म्हणताना मला बघायचं नव्हतं, म्हणून केलं होतं.

मी विहिरीवर गेले. ते मोटेचं पाणी पडायच्या जुन्या थारोळ्याच्या कडेला बसले होते, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, "चुकलं माझं. आता सांगा, ठेचणार का?"

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं. मी काय सांगू?"

दिराने शेजारच्या वाफ्यातली वांगी तोडली. जाळ झाला. सालं बायकांनी काढली. यांच्यासमोर लाकडी भांडं ठेवलं आणि त्यांनी मुसळी डाव्या हातात घेतली. पहिल्या घावाला भांडं सरकलं. दुसऱ्याला वांगं बाहेर उडालं. दीर पुढे व्हायला लागला तशी मी त्याला हाताने मागे सारलं, समोर फतकल मारून बसले आणि भांडं दोन्ही हातांनी धरलं. चार घाव नीट पडले. पाचवा माझ्या बोटांवर बसला. डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"हात काढ," ते म्हणाले.

"नाही काढत. ठेचा तुम्ही."

दुपार उतरायला लागली तेव्हा काम झालं. त्यांचा सदरा घामाने ओला होता, माझी दोन बोटं सुजली होती. पानं मांडली. मी डबा उघडला नाही, तो गुरांना गेला. हे कुठे बसतात याकडे मी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. ते रांगेत आले, दिराच्या शेजारी बसले. डाव्या हाताने पुरी तोडायला गेले, ती पानावरून सरकली. दिराने समोरच बघत आपल्या बोटाने ती दाबून धरली. यांनी तुकडा तोडला, भरीत घेतलं, खाल्लं. सगळे म्हणायला लागले, वा नाना, काय झालंय, तेच हात, तीच चव!

मी घास घेतला. दाताखाली वांग्याची गाठ आली, मग अजून एक.

"गाठी राहिल्यात," मी म्हटलं. "आणि मीठ कमी आहे."

लेकीने मला कोपराने ढोसलं. आजारपणानंतर यांच्या कुठल्याही कामाला मी नाव ठेवलं नव्हतं. शर्टाची बटणं चुकीची लागली तरी मी छान म्हणायचे, चहा सांडला तरी असू दे म्हणायचे. गोड बोलून बोलून मी त्यांना घरातला पाहुणा करून टाकलं होतं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "सात महिन्यांनी बोललीस तू माझ्याशी," ते म्हणाले, आणि पान पुढे सरकवून म्हणाले, "वाढ अजून."