आडाचं पाणी, पॉइंटाचं विमान

मरणाला टेकलेल्या माझ्या भावाचं दोन लिटर पाणी मी प्यालो. एकट्यानं, उभ्याउभ्या, एका जर्मन बाईच्या देखरेखीखाली.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, व्हिएन्नाच्या दवाखान्यात होता. लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास तो शिकायला बाहेर पडला, तो तिकडचाच झाला. (जिल्हा झाला, आता पाणी येईल, असं तेव्हा सगळे म्हणायचे. कलेक्टर आला, कचेरी आली. पाणी बहुतेक अजून वाटेत आहे.) मी इकडेच राहिलो आणि नांदेडला एका सरकारी कचेरीत पाण्याच्या फायली सांभाळायला लागलो. त्या वर्षी आमच्या फायली तेवढ्या ओल्या होत्या, त्याही चहा सांडल्यामुळे!

एके दिवशी दादाच्या मुलाचा, मिलिंदचा फोन आला.

"काका, डॉक्टर म्हणतात आता थोडेच दिवस. तुम्ही आणि काकू निघा. फ्रँकफर्टपर्यंतचं तिकीट मी काढलंय. तिथून व्हिएन्ना बाबांच्या पॉइंटावर. पण पॉइंटाच्या तिकिटात मोठं सामान नाही हं, फक्त हातातली बॅग."

मी हे आमच्या गावी, औशाला, शेजारच्या गौतमला सांगितलं. त्याचे डोळे चमकले.

"दादानं तिकडं पॉइंट काढला? किती फुटाला लागलं?"

त्याचा दोष नाही. आमच्याकडे पॉइंट म्हणजे बोअरची जागा. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं टाच मारतो, तो पॉइंट. मी समजावून सांगितलं, की दादा कंपनीच्या कामासाठी सारखा विमानानं फिरायचा. फिरेल तितके पॉइंट विमानवाले त्याच्या नावावर जमा करायचे. साठले की एक दिवस फुकट घरी येता येतं.

"मंग आला का?"

"नाही. सुट्टी मिळाली नाही."

"म्हंजे जेवढा गावापासून लांब पळाला, तेवढे पॉइंट वाढले," गौतम म्हणाला आणि तोंडातली थुंकी गिळली. (त्या उन्हाळ्यात कुणी थुंकतही नव्हतं.)

पॉइंटांची मुदत मेअखेर संपत होती. डॉक्टरांनी दादाला दिलेली मुदतही साधारण तेवढीच होती. निघायच्या चार दिवस आधी तो स्वतः फोनवर आला. आवाज असा, की विहिरीच्या तळातून यावा.

"येताना आडाचं पाणी आण. घोटभर. आपल्या आडाचं."

आमचा आड आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्वतः खणला होता. गावच्या आडावर आमच्या वस्तीला मज्जाव होता, म्हणून. बारक्या दादानं त्या आडातली माती टोपल्यानं वर ओढली होती. पाणी लागलं ते मचूळ! चहा फाटायचा, डाळ शिजायची नाही. पण आप्पा आलेल्या प्रत्येकाला तांब्या भरून द्यायचे आणि विचारायचे, "कसंय?" समोरचा तोंड वाकडं न करता "लई गोड" म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत.

आता आड कोरडा. तळाशी परातभर ओल होती. पोहऱ्यात काही येईना, म्हणून मला टायरमध्ये बसवून खाली सोडायचं ठरलं. मीच का? तर भाऊ माझा म्हणून! वरून गौतमसकट पाचजण दोर धरून होते.

"गुरुजी," (मी गुरुजी नाही, पण चष्म्यामुळे म्हणतात) "सरकारी पगार लई जड हाय हो!"

तीन तास मी वाटीनं पाणी टिपलं. त्यात एक बेडूक होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की पाण्याच्या फायली सांभाळणारा माणूस त्यानं ओळखला असावा. गाळून, उकळून दोन लिटर झालं. सुमननं, माझ्या बायकोनं, बाटलीचं बूच दोऱ्यानं बांधलं. हैदराबादला बॅग विमानाच्या पोटात गेली आणि फ्रँकफर्टला पाणी सुखरूप उतरलं. थेंब सांडला नाही!

मग आलं ते पॉइंटाचं विमान. बॅग हातात घेऊन तपासणीला उभे राहिलो. तिथल्या बाईनं बाटली बाहेर काढली, मान हलवली आणि बोटांनी दाखवलं, शंभर एमएल. हातातल्या बॅगेत फक्त शंभर.

"बाई, हे पाणी हाय, ॲसिड न्हाई," सुमन मराठीत म्हणाली.

बाईनं कचऱ्याच्या पिंपाकडे बोट केलं. मी आत डोकावलो. भरलेल्या बाटल्या! न फोडलेल्या! लातुरात एवढ्या पिंपाला पोलीस बंदोबस्त लागला असता.

शंभर एमएलची बाटली आमच्याकडे एकच होती. तिच्यात खोबरेल तेल होतं, आणि गारठ्यानं ते गोठून दगड झालं होतं. मागे रांग वाढत होती. बाईनं शेवटचं म्हणून खुणेनं सांगितलं, टाका, नाहीतर प्या.

"फेकायचं न्हाई!" सुमन म्हणाली. "आड पुसून आणलंय."

"मग काय करू?"

"प्या."

"सगळं? तू घे की निम्मं!"

"मी नांदेडची हाय. गोदावरीचं पिऊन वाढले. तुमचं मचूळ पाणी मी पिणार न्हाई, लग्नापासून सांगून राहिले!"

मी प्यालो. पहिल्या लिटरला रांगेतले लोक चिडलेले होते, दुसऱ्या लिटरला मोजायला लागले, आणि शेवटच्या घोटाला एका म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या. त्या सगळ्यांत फक्त मला ठाऊक होतं, की मी कुणाचं पाणी पितोय. बाटली मात्र मी टाकली नाही. त्या वर्षी लातूरचा माणूस बाटली टाकत नसे.

पॉइंटाच्या सीटा शेवटच्या रांगेत, संडासाच्या दाराला गुडघा टेकेल अशा. म्हटलं, बरं झालं! विमान उडालं, ढगात शिरलं आणि कच्च्या रस्त्यावरच्या एसटीसारखं आदळायला लागलं. पट्टा बांधा, हा दिवा लागला तो विझेचना. मी उठलो की हवाईसुंदरी बोट दाखवून बसवायची. सव्वा तास मी त्या दाराकडे बघत होतो.

"राम राम न्हाई, जय भीम न्हाई, नुसते काय कण्हून राहिले?" सुमननं विचारलं.

"आड भरलाय," मी म्हणालो.

विमानतळावर मिलिंद गाडी काढून उभा होता. "काका, पळा! भेटीची वेळ संपतेय. बाबा सकाळपासून विचारतायत, पाणी आलं का."

"मिलिंद, मला जरा..."

"नंतर!"

दवाखान्यात पोचल्यावर मी आधी भावाकडे धावलो नाही. ते दार शोधलं. मोकळा झालो. हात धुताना समोर नळ दिसला, बगलेत रिकामी बाटली होती. मी ती नळाखाली धरली. माझा चेहरा आरशात दिसत होता, म्हणून मी डोळे मिटून भरली.

दादा उशीएवढाच उरला होता. मिलिंदनं चमच्यानं पाणी त्याच्या ओठांना लावलं. आप्पांसारखं मीच विचारलं, "कसंय?"

दादानं जीभ फिरवली.

"हे हितल्या नळाचं हाय," तो म्हणाला. "तीस वर्सं हेच पिऊन राहिलो मी."

मी सगळं सांगितलं. टायर, बेडूक, बाई, टाळ्या, दिवा, दार. दादा हसायला लागला. आवाज नव्हता, नुसता पलंग हलत होता. नर्स धावत आली. ती गेल्यावर त्यानं माझं मनगट धरलं.

"चव कशी व्हती?"

"मचूळ."

"तशीच?"

"तशीच. घशाखाली गेल्यावर जिभेच्या शेवटाला कडू लागतं, तशीच."

त्यानं डोळे मिटले आणि एक घोट गिळला. तोंडात काहीच नव्हतं. मग हळूच म्हणाला, "लई गोड."

तिसऱ्या दिवशी तो गेला. परतीचे पॉइंट शिल्लक होते, त्याला ते चालले नाहीत.

औशाला उतरलो तर गौतम आणि ते दोर धरणारे चौघं आडाच्या कठड्यावर बसलेले. गौतमनं विचारलं, "पाणी पोचलं का, गुरुजी?"

"पोचलं," मी म्हणालो. "पार दवाखान्यापर्यंत पोचलं. वाटेत थेंब सांडला न्हाई."

पाचहीजणांनी माना हलवल्या. खोटं मी एक अक्षर बोललो नव्हतो. फक्त तिथं ते कुठं ओतलं, तेवढं कुणी विचारलं नाही.