माझे मिस्टर आणि त्यांचा ‘वी’

‘माय मिस्टर’ असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी इंग्रजी शिकवते. वर्गात कोणी तसं लिहिलं तर लाल रेघ मारते. घरात मात्र ते माझे मिस्टरच आहेत आणि तसेच राहतील. शिकवणाऱ्या बाईलाही थोडी सूट हवीच ना.

झाशीत दतिया गेटजवळ आमचं घर आहे, पुढच्या खोलीत दुपारी माझा वर्ग भरतो. आसपासच्या सुना येतात, कॉलेजच्या मुली येतात. ‘सिन्स’ कुठे आणि ‘फॉर’ कुठे, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ का चालत नाही, ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ का नको, हे आमचं रोजचं दळण. लग्न होऊन सांगलीहून इथे आले तेव्हा वाटलं होतं, चुका सगळीकडे सारख्याच असणार. पण झाशीची एक चूक मला अगदी नवी होती. इथे माणूस एकटा असला तरी स्वतःला ‘हम’ म्हणतो. एका सुनेने पहिल्याच आठवड्यात मला अडवलं, “मैडमजी, हम तो अकेले जा रहे हैं, फिर ‘वी आर’ काहे? ‘वी इज’ होना चाहिए न?” चूक होती, पण तर्क बिनतोड होता. मला धड उत्तर सुचायला दोन दिवस लागले.

घरीही तीच गत. मिस्टरांच्या घराण्याला झाशीत येऊन तीन पिढ्या झाल्या. हिंदीत ते स्वतःला ‘हम’ म्हणतात. मराठीत म्हणतात, “आपण नाही घाबरत कुणाला.” आणि इंग्रजीत ‘वी’. “वी टुक बाथ,” असं ते एकदा म्हणाले तेव्हा मी विचारलं, कोणी कोणी? वर मी त्यांना अहो-जाहो करणार. तिन्ही भाषांत मिळून या माणसाला एकवचन म्हणून नव्हतंच.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण त्यापायी त्यांची बढती अडली होती. ते एका सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत कारागीर आहेत, हातात कसब आहे. सुपरवायझर होण्यासाठी इंग्रजीत मुलाखत द्यावी लागायची आणि ते दोनदा नापास झाले होते. दुसऱ्या खेपेला साहेबांनी कारणही सांगितलं, “तुम्ही स्वतः काय केलंत, ते तुमच्या बोलण्यातून कळतच नाही.” आता वयाच्या अटीमुळे तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली असती, तर त्यांनीच शिकवून तयार केलेल्या पोरांच्या हाताखाली निवृत्तीपर्यंत राबायचं. त्यांचं जेवण कमी झालं होतं. मला ते बघवत नव्हतं.

मग मी कंबर कसली. रोज संध्याकाळी लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकाठी फिरायला जायचं आणि फक्त इंग्रजीत बोलायचं. एक ‘वी’ निघाला की दहा पावलं उलटी चालायची, ही शिक्षा. पहिल्या दिवशी आम्ही पुढे कमी आणि मागेच जास्त गेलो. चणे-फुटाणेवाल्याने काळजीने विचारलं, “भैया, घुटनों के लिए डॉक्टर ने बताया है क्या?” मिस्टर म्हणाले, “नहीं, घरवाली ने.”

“म्हणा, आय रिपेअर्ड द मशीन.”

“अगं, पण ते तर आम्ही चौघांनी मिळून केलं होतं.”

“बिघाड कुणी शोधला?”

“तो आपणच शोधला.”

“आपण नाही. मी! आय!”

“आय,” ते इतक्या हळू म्हणाले, जणू आजूबाजूला कोणी ऐकलं तर काय म्हणेल. “लाज वाटते गं. चौघांचं काम एकट्याच्या नावावर कसं सांगायचं?”

“लाज तालात सोडा,” मी म्हणाले. माझा आवाज जरा चढला, कारण मलाच धीर नव्हता.

मुलाखतीहून ते परत आले तेव्हा मी दारातच उभी होते. चपला काढताकाढता त्यांनी सगळं सांगितलं. मशीनचं विचारलं, तेव्हा तोंडातून ‘वी’च गेला. पोरांना शिकवल्याचं विचारलं, तिथेही ‘वी’. मी कपाळावर हात मारला. मग साहेबांनी म्हणे विचारलं, तुमच्या हातून फसलेलं एखादं काम सांगा.

“मग?”

“सांगितलं. सहा प्लेटांना भोकं उलट्या बाजूला पडली होती ना, ते. आय रेड ड्रॉइंग राँग. आय स्पॉइल्ड सिक्स प्लेट्स.”

“तिथे आय?”

“मग काय? प्लेटा आपणच... मीच बिघडवल्या होत्या.”

माझं डोकंच फिरलं. रोज तळ्याकाठी घासून घेतलेला ‘आय’ या माणसाने नेमका नको तिथे वापरला होता. संध्याकाळभर मी भांडी आपटत होते. ते बिचारे गुपचूप भाजी निवडत बसले.

आठव्या दिवशी बढतीची यादी लागली आणि तिच्यात ते होते. कशामुळे, ते त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. पेढ्यांचा डबा घेऊन ते गल्लीभर फिरले. प्रत्येक दारात एकच वाक्य, “सब मैडम का कमाल है, उन्होंने सिखाया.” पाचव्या दाराशी मला ते ऐकवेना. मी त्यांना घरी ओढून आणलं, दार लोटलं आणि खुर्चीवर बसवलं.

“ऐका. पहिल्या मुलाखतीच्या आधी तुम्ही मला विचारलं होतं, ‘आय’ म्हणू की ‘वी’ म्हणू? मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, ‘वी’ म्हणा, ‘आय आय’ केलेलं उद्धट दिसतं. तुम्ही तेच धरून बसलात. दोन्ही वेळा माझ्यामुळे नापास झालात. आणि मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.”

ते पेढा चघळत राहिले. मग म्हणाले, “आठवतंय मला.”

“आठवतंय? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोलून काय झालं असतं, तू रडली असतीस. आणि वह्या तपासणाऱ्या माणसाला मध्येच विचारायचं नसतं. विचारलं मीच. ती चूक माझी.”

ते जराही न अडखळता ‘मी’ म्हणाले. मी तिथेच खुर्चीपाशी खाली बसले आणि रडायचं ते रडलेच.