नकाशावरची सावली

नकाशावर झाडांची हिरवी वर्तुळं काढायचं काम त्या कचेरीत एकाच माणसाकडे होतं, म्हणून त्याला सगळे वर्तुळराव म्हणत. साहेब इमारती मांडायचे, रस्ते वळवायचे. मग कागद वर्तुळरावांच्या टेबलावर यायचा. हिरवी पेन्सिल, गोल छिद्रांची पट्टी आणि तोंडातून चकार शब्द नाही. कचेरीचा जुना शिरस्ता असा, की झाड काढायचं ते पूर्ण वाढलेलं. रोपं काढली तर नकाशाला टक्कल पडल्यासारखं दिसतं, असं साहेबांचं म्हणणं.

सरकारी कचेऱ्यांचं नवं आवार बागेत वसवायचं ठरलं. सतरा इमारती, मध्ये हिरवळी, एक तळं. पेन्शनची कचेरी बुटकी आणि दिसायला यथातथाच, म्हणून तिची रवानगी पार मागे, तळ्यापलीकडे. फाटकापासून तिथवर वीस मिनिटं, तीही तरण्या पायांना. वर्तुळरावांनी अंतर दोनदा मोजलं. त्यांची थोरली बहीण विधवा, सत्तरी ओलांडलेली. हयातीच्या दाखल्यासाठी दरवर्षी तिला जातीने हजर राहावं लागे.

"साहेब, पेन्शनवाले म्हातारे असतात. ही इमारत फाटकाशी घेतली तर?"

"अहो, सगळी वाट सावलीतून जाते. तुम्हीच तर झाडं काढलीत!"

वर्तुळरावांनी नकाशाकडे पाहिलं. खरंच, वाटेवर बोटभरही ऊन नव्हतं. भला माणूस स्वतःच्याच पेन्सिलीला भुलला. घरी ताईला छातीठोकपणे सांगितलं, "छत्रीसुद्धा घेऊ नकोस."

तिनेही घेतली नाही. उद्घाटनानंतर दोन महिन्यांनी, भर दुपारी, भाऊ-बहीण त्या वाटेला लागले. दुतर्फा काठ्यांना बांधलेली गुडघाभर रोपं. तळ्यापाशी ताईला घेरी आली आणि ती वाटेच्या कडेलाच बसली. वर्तुळरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू काढलेलं झाड यातलं कुठलं रे?"

त्यांनी शेजारच्या रोपाकडे बोट दाखवलं. चार पानं, त्यातली दोन करपलेली.

"अगं बाई! ह्यानं मला सावली द्यायची?" ताईला हसू आवरेना. मग ती जरा सरकली आणि आपली सावली रोपावर पडेल अशी बसली. "थांब दोन मिनिटं. माझं नाही, तर ह्याचं तरी भागू दे."

त्या वर्षी दाखला मिळाला, पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी ताई तळ्यापासूनच परत फिरली. दाखला राहिला, पेन्शन थांबलं. चौथ्या वर्षी वर्तुळराव त्याच वाटेने एकटे गेले, तिच्या मृत्यूचा दाखला द्यायला. रोप आता खांद्याला लागत होतं. त्याच्या सावलीत त्यांची पावलं तेवढी मावली.

पुढचं काम आलं, तेव्हा त्यांनी पट्टी खणात ठेवली आणि कागदभर बारीक टिंबं काढली.

"हे काय, माशा बसल्यात का कागदावर?" साहेब ओरडले.

"उद्घाटनाच्या दिवशीची झाडं आहेत, साहेब."

"मोठी काढून आणा."

"नाही," वर्तुळराव म्हणाले. एकतीस वर्षांत साहेबांनी तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.