पूर्णगडात डास नाहीत

पूर्णगडात डास नाहीत, असं मी मुलीला फोनवर ठासून सांगितलं. खाडीवरून असा वारा येतो की डास टिकतोय कुठला, असंही वर जोडलं. सांगायला माझं काय जात होतं? आणि सांगणं भागच होतं. गेल्या पावसाळ्यात मुंबईत नातीला डेंगी झाला होता. सात वर्षांची पोर आठ दिवस इस्पितळात पडून होती आणि आम्ही दोघं इथं फोन उशाशी घेऊन बसलो होतो. तेव्हापासून मुलीनं डासांचा असा धसका घेतला, की कुठं जरा गुणगुण ऐकू आली तरी ती घरातले सगळे दिवे लावते. मेच्या सुट्टीत नातीला घेऊन तीन आठवडे राहायला ती तयार झाली, पण अट घालून. चार दिवस बघणार. डास दिसले, तर शनिवारच्या गाडीनं परत.

मी म्हटलं, बघ की. तेवीस वर्षं बोटीवर नोकरी केलेला माणूस मी. निम्म्या जगातल्या बंदरांतले डास मला चावून गेलेत. इथल्या चार चिलटांना मी घाबरणार होतो होय?

मंगळवारी सकाळी दोघी आल्या. संध्याकाळपर्यंत नातीच्या पोटऱ्यांवर सात लाल गांधी उठल्या होत्या. मुलीनं पोरीच्या पायांना मलम लावलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. तिची आई रागावली की अशीच बघते, त्यामुळे मला त्याची सवय आहे. पण सवय असून उपयोग होत नाही.

मी लगेच कामाला लागलो. जुन्या घमेल्यात नारळाची सोडणं पेटवली, वर निरगुडीचा ओला पाला टाकला आणि घमेलं घेऊन पडवीपासून न्हाणीघरापर्यंत घरभर फिरलो. लहानपणी आमच्या गोठ्यात रोज तिन्हीसांजेला असाच धूर करायचे. गुरं कधी तक्रार करायची नाहीत. इथं मात्र नात खोकायला लागली, मुलीचे डोळे चुरचुरायला लागले, बायकोनं नुकत्याच घडी घातलेल्या चादरी परत धुवायला काढल्या. अर्ध्या तासानं धूर विरला आणि डास ताजेतवाने होऊन परत आले.

बुधवारी माळ्यावरची मच्छरदाणी काढली. ती मी चांगल्या बंदरातून आणलेली, अजून एक भोक नाही. पण हे डास रात्रीचे नव्हतेच. काळे, पायांवर पांढरे पट्टे, आवाज न करता येणारे आणि दिवसाढवळ्या टाचेला चावून जाणारे. एक मारून मी मुलीला दाखवला, मोठ्या अभिमानानं. तिचा चेहरा उतरला. हेच ते डेंगीवाले, ती म्हणाली. मग मेच्या उकाड्यात, भर दिवसा, नात मच्छरदाणीच्या आत. मिठाईच्या दुकानात जाळीखाली बर्फी ठेवतात तशी ती बसली होती आणि समुद्रावर कधी जायचं म्हणून दर पाच मिनिटांनी विचारत होती. बाहेर बायको डास मारायची बॅट घेऊन पहाऱ्याला. एका हातानं फोन कानाला लावून ती बहिणीशी बोलायची, दुसऱ्या हातानं न बघता बॅट फिरवायची, आणि चट् आवाज आला की बोलणं पुढे चालू. ह्या लढाईत खऱ्या अर्थानं कामाला आली ती तीच.

दुपारी सगळे आडवे झाले की माझं एक खासगी काम असायचं. परसदारी फणसाखाली माझी होडी आहे. नोकरी संपवून आल्यावर मी ती बांधून घेतली आणि पाच वर्षं तिच्यातून रोज सकाळी खाडीत जायचो. मासे मिळोत न मिळोत, जायचो. दिवाळीनंतर छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले जपून राहा. मुलगी म्हणाली खाडीत एकट्यानं जायचं नाही. आता माझ्याबरोबर रोज येणार कोण? म्हणजे जायचंच नाही. शिमगा झाला की होडी विकायची, असं ठरलं. मी नव्हतं ठरवलं, ते ठरलं. गिऱ्हाईक येत नाही, असं मी घरी सांगत राहिलो. एक जण आला होता, त्याला होडीला वाळवी लागली आहे म्हणून सांगून मीच परत पाठवला.

लाकडी होडी उन्हाळाभर जमिनीवर राहिली की तिच्या फळ्या वाळतात, आक्रसतात आणि सांधे उघडतात. मग ती पाण्यात घातली की झाली चाळणी. म्हणून आत वीतभर पाणी ठेवायचं आणि वरून माडाचे विणलेले झाप टाकायचे. माझे वडील त्यासाठी खाडीचं खारं पाणी आणायचे. मला तर बादली उचलायला बंदी, तेव्हा मी विहिरीच्या पंपाची नळी लावायचो. सगळे झोपले की पाच मिनिटं पाणी सोडायचं, झाप सारखे करायचे आणि काहीच केलं नाही असं तोंड करून पडवीत येऊन बसायचं. एक दिवस मुलीचं मन वळेल आणि मी परत खाडीत जाईन, असं मला वाटायचं. नुसतं वाटायचं नाही, खात्री होती.

त्या बुधवारी नळी बंद करून वळलो, तर कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे गुरुजींचा पाण्यानं भरलेला निळा पिंप दिसला. गुरुजी म्हणजे आमचे शेजारी, माझ्याच वयाचे, शाळेतून निवृत्त झालेले. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तिथूनच हाक मारली आणि साठवलेल्या पाण्यात डासांची पैदास कशी होते, यावर त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं. आयुष्यभर पोरांना शिकवलेला माणूस तो, पण त्यानं सगळं मुकाट ऐकून घेतलं. पिंप उपडा केला. गुलाबाच्या डब्यांखालच्या ताटल्या काढल्या. पाखरांसाठी ठेवलेलं मातीचं भांडंसुद्धा उपडं घातलं. मी घरात येऊन जाहीर केलं की उद्यापासून एक डास दिसणार नाही.

गुरुवारी सकाळी डास नातीच्या कानाच्या पाळीला चावला. मुलीनं मोबाईल घेतला आणि शनिवार संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढली. माझ्या छातीत धस्स झालं, आणि शिवलेल्या छातीत ते जरा जास्तच होतं. नात जाणार, तीही ह्या चार दिवसांत एकदाही समुद्रावर न जाता, आणि पुन्हा सुट्टीत तिला इथं कुणी पाठवणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी गुरुजींवर भडकलो. यांनी आणखी काहीतरी लपवलंय, अशी माझी पक्की समजूत झाली. गावात घरोघर साठलेलं पाणी तपासायला येतात त्या आशाताईंना मी फोन लावला आणि आत्ताच्या आत्ता येऊन शेजाऱ्यांचं घर तपासा म्हणून सांगितलं.

त्या आल्या बिचाऱ्या, उन्हातून, हातात टॉर्च घेऊन. गुरुजींचं आवार त्यांनी कोपरा न् कोपरा बघितलं. मी गडग्याच्या अलीकडून सूचना देत होतो. तिकडे काही निघालं नाही. मग त्या म्हणाल्या, आलेच आहे तर तुमचंही बघते. बघा की, मी म्हटलं. नातीला मच्छरदाणीतून सुटायला निमित्त हवंच होतं, ती पळत आली. तिच्यामागून मुलगी आली. न्हाणीघराची बादली, विहिरीजवळची दगडी डोण, माडाखालच्या करवंट्या, सगळं ठीक होतं. मग आशाताई फणसाकडे वळल्या.

"काका, त्या झापांखाली काय आहे?"

"होडी," मी म्हटलं. "कोरडी आहे."

आता सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात डास नव्हते. होडीत पाणी आहे हे मुलीला कळू नये, एवढंच होतं. जगाला साठवलेल्या पाण्यावर शिकवणारा मी, आणि रोज ज्यात नळी सोडतो ते पाणी मला पाणी वाटतच नव्हतं. ते होडीचं औषध होतं. आशाताईंनी झाप उचलला. ढगासारखे डास उठले. त्यांनी टॉर्च आत धरला आणि पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळताना दिसल्या. हजारो असतील. नात वाकून बघत म्हणाली, आजोबा, ही सगळी डासांची बाळं आहेत का?

गुरुजी गडग्याशी उभे होते. त्यांनी आपला उपडा घातलेला पिंप एकदा बघितला आणि घरात गेले. ते चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

"हे पाणी कोण घालतं?" मुलीनं विचारलं.

"मी."

"कधीपासून?"

मी होळीपासून म्हटलं. मागच्या दारातून बायको म्हणाली की नळी रोज दुपारी ओली दिसायची तिला. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून एकही गोष्ट लपवू शकलेलो नाही, तरी दरवेळी नव्यानं प्रयत्न करतो.

मुलगी डासांवरून बोलेल, असं मला वाटलं होतं. ती बोलली वेगळंच.

"बाबा, तुम्हाला परत एकट्यानं जायचं होतं. होय ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण डास नाहीत आणि होडी कोरडी आहे, असं दोनदा खोटं बोलून झालं होतं आणि ते नातीच्या अंगावर उठलं होतं. हो, मी म्हटलं. ती वळली आणि आत गेली.

मी होडीच्या बुडाचं बूच काढलं. हाताला येत नव्हतं, फुगून घट्ट बसलं होतं, पक्कड लावावी लागली. पाणी जांभ्यावर पसरलं आणि उन्हात बघता बघता जिरलं. अळ्या तिथंच वाळून गेल्या. आशाताईंनी होडी आतून कापडानं पुसून घ्यायला सांगितली, ती मी दोनदा पुसली. आता आठ-दहा दिवसांत सांधे उघडणार आणि मग ती जळणालाही धड होणार नाही, हे मला ठाऊक होतं. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण पोरीच्या पोटरीवरच्या गांधी मीच उठवल्या होत्या, त्याच्यापुढे ते काहीच नव्हतं. संध्याकाळी गुरुजींकडे गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि पाखरांचं भांडं रोज घासून भरलं तर चालेल का, एवढंच विचारलं.

शुक्रवारी डास बरेच कमी झाले. उरलेसुरले बायकोनं बॅटनं संपवले. नात दिवसभर अंगणात खेळली, पण तिकिटांबद्दल मुलगी काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. मला विचारायला तोंड कुठं उरलं होतं? दुपारी सवयीनं परसदारी गेलो. नळी उचलली आणि परत ठेवली. होडीच्या फळीवर हात ठेवला तर ती तापलेली. मागे मुलगी येऊन उभी होती.

"उद्या भरती किती वाजता?" तिनं विचारलं.

मला आधी कळेचना. साडेनऊला, मी म्हटलं.

"मग उद्या घालू पाण्यात. वल्ही मी मारणार. तुम्ही नुसतं बसायचं."

तिला वल्हवायला मीच शिकवलं होतं, ती दहा वर्षांची असताना, सुट्टीवर आलो होतो तेव्हा. त्यानंतर ती शिकली, नोकरीला लागली, मुंबईची झाली. होडीला हात लावल्याला वीसेक वर्षं झाली असतील.

शनिवारी सकाळी मीच गुरुजींना हाक मारली. ते, जेटीवरचे चौघे दर्यावर्दी आणि मुलगी, अशा सहा जणांनी ओंडक्यांवरून होडी सरकवत धक्क्यापर्यंत नेली. बूच मी आदल्या संध्याकाळीच परत बसवलं होतं, पण आता मला हात लावू दिला नाही. मी पुढे चालत सूचना देत होतो, आणि कुणीही त्या ऐकत नव्हतं. होडी पाण्यात गेली, हलली, सरळ झाली. नात अंगभर मलम चोपडून आणि लाईफ जॅकेट घालून पुढे बसली. मी मधे, प्रवाशासारखा. किनाऱ्यावर बायको डोळ्यांवर हात धरून उभी होती, आणि तिच्या दुसऱ्या हातात ती बॅट अजून होतीच.

मुलीचे पहिले चार फटके वाकडे पडले. मी जीभ चावून गप्प बसलो. मग हातांना आठवलं आणि होडी सुतासारखी सरळ निघाली. खाडीच्या मध्यावर वारा लागला. नात ओरडून म्हणाली की इथं एकसुद्धा डास नाही.

"आत पाणी येतंय का?" मुलीनं विचारलं.

मी पायाखाली बघितलं. "कोरडी आहे."

तिनं वल्ही थांबवली. वाकून तळाच्या फळीवरून, सांध्यांवरून, पार माझ्या पावलांपर्यंत हात फिरवला. तळवा उलटून बघितला. मग परत वल्ही हातात घेतली.

नातीनं विचारलं, उद्या पण यायचं का? मी दुसरीकडे बघायला लागलो. मुलगी दोन-तीन फटके तशीच मारत राहिली, आणि मग पाण्याकडे बघत म्हणाली, "उद्या भरती सव्वादहाला असेल."